'मानसिक' एवढंच लिहून आम्हाला परत पाठवू नका : जिल्हा शल्यचिकित्सकांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक साहेब
आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम राबवणारे सर्व अधिकारी

सविनय नमस्कार.

मी बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावात राहते, शिलाईकाम करते. माझा धाकटा भाऊ 34 वर्षांचा आहे. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. आजाराचं नाव सुरुवातीलाच लिहिते, कारण ते कळायला आम्हाला सात वर्षं लागली आणि गेल्या जूनपासून ते तुमच्या कागदांवरून गायब झालं आहे.

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या मंगळवारी मनोविकारतज्ज्ञांची ओपीडी भरायची. जूनच्या दुसऱ्या मंगळवारी आम्ही गेलो तर खोलीला कुलूप. दारावर कागद चिकटवलेला : 'पुढील आदेशापर्यंत मानसिक रुग्णांनी जिल्हा रुग्णालयात जावे.' खाली सही नाही, तारीख नाही. त्या दिवशी पंचवीस-तीस माणसं त्या दारातून माघारी गेली. मी दोनदा लेखी अर्ज दिला. दोन्हींवर पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, त्याच व्हरांड्यात फलक लागला, फेरी निघाली, भाषणं झाली. कुलूप तसंच होतं. त्या दिवशी घरी येऊन मी हे पत्र लिहायला घेतलं.

आधी भावाचं सांगते. तो लातूरला आयटीआयत वायरमनचा कोर्स करत होता. 2012 च्या दिवाळीला घरी आला आणि परत गेलाच नाही. आधी मित्र सोडले, मग अंघोळ सोडली. मग एका दुपारी खुर्चीवर चढून त्यानं पंख्याची वायर उपटून काढली. "अक्का, ते यातून बोलायलेत," म्हणाला. त्या वर्षी वेचून आणलेला कापूस पडवीत पडला होता. तो त्याच्याजवळ बसायचा, बोंडातली सरकी एकेक करून काढायचा, उरलेल्या कापसाचा घट्ट बोळा करायचा आणि कानात कोंबायचा. मला वाटायचं, गार वाऱ्याचा त्रास होत असेल. कानातून पू यायला लागला तेव्हा कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कापूस काढला, थेंब लिहून दिले. बोळे का घातले हे ना त्यांनी विचारलं ना मी.

पुढची सात वर्षं देवऋषी, उतारे, गंडेदोरे, अमावास्येच्या वाऱ्या. एका ठिकाणी त्याला साखळीनं बांधून ठेवलं. तिथल्या लोकांनी 'चालेल का' असं विचारलं तेव्हा 'चालेल' असं मीच म्हणाले होते. उजव्या घोट्यावरचा वण अजून आहे, अंगण झाडताना तो मला रोज दिसतो.

2019 मध्ये आमच्या गावच्या आशाताईंनी आम्हाला त्या मंगळवारच्या ओपीडीत नेलं. डॉक्टरांनी मला काही विचारायच्या आधी भावालाच विचारलं, "आवाज किती जणांचे आहेत?" तो कित्येक महिन्यांत कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "तिघांचे." तोवर त्याला 'कसले आवाज', 'काही आवाज नाहीत', 'गप बस' एवढंच ऐकायला मिळालं होतं. गोळ्या सुरू झाल्या, दर महिन्याला एक लांबच्या मुदतीचं इंजेक्शन सुरू झालं. चौथ्या महिन्यात एका सकाळी त्यानं विचारलं, "म्हशीला पेंड घातली का?" पुढच्या वर्षीपासून तो गावातल्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायला लागला. हे सगळं छापलं तर चालेल का, असं त्याला विचारलं आहे. कापसाचंही लिहू का म्हटलं, तर "लिही" म्हणाला.

आता तक्रारी.

पहिली अंतराची. जिल्हा रुग्णालय आम्हाला नव्वद किलोमीटर, दोन एसट्या बदलून. माझं अर्धं तिकीट धरूनही दोघांचे येऊन-जाऊन साडेचारशे रुपये होतात, दोघांची मजुरी बुडते ती वेगळी. जुलैत गेलो तर गोळ्या दहा दिवसांच्याच मिळाल्या आणि इंजेक्शन शिल्लक नव्हतं. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. दर दहा दिवसांनी साडेचारशे रुपये आणि एक अख्खा दिवस कुठून आणायचा? पोळ्यानंतर गोळ्यांत खंड पडला. दसऱ्याच्या सुमारास कापसाची पहिली वेचणी घरात आली. एका संध्याकाळी तो पडवीत बसून सरकी काढत होता. पुढे काय होणार ते मला माहीत होतं.

दुसरी तक्रार माझ्या मते सगळ्यांत मोठी आहे, म्हणून तिच्यावर जास्त लिहिते. ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला जायची जी चिठ्ठी मिळते, तिच्यावर निदानाच्या जागी एकच शब्द असतो : 'मानसिक'. जुलैत जिल्ह्याच्या रांगेत आमच्या तालुक्याचे सातजण भेटले. आम्ही चिठ्ठ्या शेजारी-शेजारी धरून पाहिल्या. सातही चिठ्ठ्यांवर तोच शब्द.

साहेब, ते सातजण सात निराळ्या वाटांनी तिथवर आले होते. मी डॉक्टर नाही. पण सहा वर्षं त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसले आहे, डॉक्टरांना आणि समुपदेशक ताईंना विचारत आले आहे. त्या बाकावर कोण बसायचं ते त्यांच्या परवानगीनं, नाव-गाव न देता सांगते.

एक गुरुजी आहेत. त्यांना बायपोलर, तेजी-मंदीचा आजार. तेजी आली की चार-चार रात्री डोळ्याला डोळा नाही तरी थकवा नाही, बोलण्याला खंड नाही, खिशात नसलेला पैसा खर्च होतो. एकदा पतसंस्थेचं कर्ज काढून त्यांनी गावजेवण घातलं. मंदी आली की महिना-महिना अंथरूण सुटत नाही. त्यांना लिथियमची गोळी आहे. रक्तात तिचं प्रमाण जास्त झालं तर विषबाधा होते, म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं, थायरॉईड आणि किडनीवर लक्ष ठेवावं लागतं. समजा मंदीच्या दिवसांत ते 'मानसिक' लिहिलेली चिठ्ठी घेऊन नव्या डॉक्टरांपुढे गेले. डॉक्टरांना समोर उदास माणूस दिसणार, ते नैराश्याची गोळी लिहिणार. बायपोलरच्या माणसाला नुसत्या त्या गोळीनं तेजी चढू शकते. आजाराचं नाव चिठ्ठीवर असतं तर नव्या डॉक्टरांना पहिल्या मिनिटाला हे कळलं असतं.

एक शेतकरी काका आहेत. मन उदास आहे, असं ते कधीच म्हणाले नाहीत. आमच्याकडे तसं कुणी म्हणत नाही. "अंग गळून गेलंय, घास गिळंना, पहाटं तीनला जाग येती अन् मग डोळा लागंना," एवढंच सांगायचे. दोन वर्षं त्यांना सलाईन आणि ताकदीची इंजेक्शनं मिळत राहिली. कशातच रस न वाटणं, झोप-भूक मोडणं, सगळा दोष आपलाच वाटणं, मरणाचे विचार येणं, हे दोन आठवड्यांच्या वर रोज टिकलं तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला औषध आहे. 'मरावंसं वाटतं का' असं थेट विचारल्यानं तो विचार नव्यानं डोक्यात शिरत नाही, उलट माणूस बोलता होतो, हे मला समुपदेशक ताईंनी शिकवलं. त्यांनी काकांना विचारलं, काका ढसाढसा रडले, आणि आज ते आहेत. मराठवाड्यात हा प्रश्न विचारणारं माणूस तालुक्याच्या ठिकाणी असणं किती गरजेचं आहे, हे मी तुम्हाला सांगायची गरज नसावी. 2015 मध्ये सरकारनं 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला तो याचसाठी. आशाताईंनी घरोघर जाऊन अशी माणसं शोधायची. शोधून त्यांनी आता आणायचं कुठं?

एक तरुण आई आहे. तिच्या डोक्यात सारखा एकच विचार येतो, आपल्या हातून लेकराला विळी लागेल. तिनं विळी घराबाहेर काढली, भाजी शेजारणीकडून चिरून आणते, तरी रात्रीतून दहादा उठून विळी घरात नाही ना ते बघते. हा मंत्रचळ, ओसीडी. माझ्या भावाच्या आजाराहून हे फार वेगळं आहे. भावाला ते आवाज खरे वाटतात. तिला आपला विचार खुळा आहे हे पक्कं कळतं, तरी तो थांबत नाही, म्हणून ती लाजेनं अर्धी होते. अशी आई लेकराला इजा करत नाही, उलट त्याला जपण्यापायी झिजते. पण 'मानसिक' या एका शब्दावरून सासरच्यांनी तिचं लेकरू काढून घ्यायची भाषा केली. ओपीडीतल्या डॉक्टरांनी सासूला समोर बसवून आजार समजावला म्हणून ते थांबलं.

कॉलेजातली एक मुलगी होती. अचानक छाती धडधडायची, हातापायाला मुंग्या, 'आता मी मरते' अशी भीती, आणि काही मिनिटांत सगळं ओसरायचं. चार वेळा ईसीजी काढला, चारही वेळा चांगला आला. तो पॅनिकचा त्रास, चिंतेच्या आजारांपैकी एक. एका आजीचं माहेर किल्लारीकडचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे त्या माहेरी होत्या. अजून घराजवळून ट्रॅक्टर गेला आणि मांडणीवरची भांडी वाजली की त्या उंबऱ्याबाहेर धावतात. त्या भूकंपात जवळपास दहा हजार माणसं गेली. जी वाचली त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या आत तो आघात राहिला, त्यालाही नाव आहे आणि उपचार आहे. एकानं दारू एकदम सोडली. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, अंगभर घाम, भिंतीवर किडे दिसायला लागले. घरच्यांनी बाहेरचं लागलं म्हणून लिंबू उतरवलं. सवयीची दारू एकदम तुटल्यावर असं होतं आणि त्यात जीव जाऊ शकतो, ते दवाखान्यातच सांभाळावं लागतं. बाळंत झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात एक सून बरळायला लागली, बाळाला ओळखेना. घरच्यांनी 'बाळंतरोग' म्हणून तिला खोलीत बंद करून ठेवलं होतं. तिला त्याच दिवशी दाखल करायला हवं होतं. विसरभोळेपण वाढत जाऊन घरचा रस्ता चुकणारे आजोबा, जन्मापासून बुद्धीची वाढ कमी असलेली लेकरं, फिट्स येणारी माणसं, हेही सगळे त्याच बाकावर यायचे. मतिमंदत्व हा मनोविकार नाही, फिट्स हा मेंदूचा आजार, हेसुद्धा मला तिथंच कळलं.

या सगळ्यांसाठी तुमच्या चिठ्ठीत एकच शब्द आहे. गावात त्या शब्दाचं भाषांतर 'येडं' असं होतं.

तिसरी तक्रार लिहिताना हात जड होतो. ऑगस्टमधल्या एका रात्री भाऊ घाबरून घराबाहेर पळाला. पहाटे सापडला. मी जिल्ह्याच्या दवाखान्यात फोन केला. समोरून सांगितलं, "हातपाय बांधून गाडीत घाला आणि आणा." मी फोन ठेवला. तामिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 ला झोपडीला आग लागली आणि साखळीनं बांधलेले 28 रुग्ण जागेवर जळून मेले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 95 सांगतं की मानसिक रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंड घालता येणार नाही. भूत उतरवायच्या नावाखाली बांधून मारणं हा आपल्या राज्याच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. मी अडाणीपणानं केलं ते मला जन्मभर पुरेल. दवाखान्यानं तेच सांगू नये. घाबरलेल्या माणसाजवळ कसं जायचं, काय बोलायचं, कुठली गाडी मागवायची, हे फोनवरच्या माणसाला शिकवा.

तुम्ही म्हणाल, टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा आहे, 14416 वर फोन करा. केला. पलीकडच्या ताईंनी अर्धा तास शांतपणे ऐकून घेतलं, त्यांचे उपकार मी मानते. पण भावाचं इंजेक्शन फोनवरून टोचता येत नाही आणि गुरुजींचं रक्त फोनवरून तपासता येत नाही.

तज्ज्ञ कमी आहेत, हेही मला ठाऊक आहे. सगळ्या जिल्ह्याची रांग काढणाऱ्या डॉक्टरांना दुपारी तीनपर्यंत पाणीसुद्धा न पिता बसलेलं मी पाहिलं आहे. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलेलं नाही. जालन्याला एक मंजूर झाल्याचं वाचलं, आनंद झाला. पण मोठ्या इमारतीची वाट बघताना तालुक्याची एक खोली बंद करू नका. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं 2015-16 मध्ये 12 राज्यांत पाहणी केली, तीत प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं. महाराष्ट्र त्या 12 राज्यांत नव्हता, पण आमचं गाव जगावेगळं नसावं. तो हिशेब लावला तर तीन हजार वस्तीच्या आमच्या एका गावात दोनशेच्या आसपास प्रौढ माणसं होतात.

आणि हे आम्ही मेहेरबानी म्हणून मागत नाही. त्याच 2017 च्या कायद्याचं कलम 18 म्हणतं की मानसिक रुग्णाला उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा तो राहतो तिथून जवळ मिळावी. अत्यावश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत सर्व काळ मोफत मिळावीत, हेही त्याच कलमात आहे. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मधल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत मानसिक आजार आहे. पण ज्याच्या कागदावर निदानच नाही, त्यानं दिव्यांग प्रमाणपत्रासाठी कुणाकडे जायचं?

आमच्या मागण्या या :

दुसऱ्या आणि चौथ्या मंगळवारची ओपीडी ताबडतोब सुरू करा. तज्ज्ञ दोन्ही वेळा येऊ शकत नसतील तर एकदा तरी यावेत, उरलेल्या मंगळवारी समुपदेशक आणि औषध देणारं माणूस बसावं. कधी बंद ठेवावीच लागली तर सही-तारखेचा आदेश आठ दिवस आधी लावा आणि आशाताईंना कळवा.

प्रत्येक रुग्णाच्या हातात त्याचं स्वतःचं कार्ड द्या. त्यावर आजाराचं नाव, औषध, मात्रा, पुढची तपासणी आणि शेवटचं इंजेक्शन कधी दिलं ते असावं. हे कार्ड घडीचं, बंद होणारं असावं. निदान डॉक्टरला कळायला हवं, एसटीतल्या शेजाऱ्याला नव्हे.

स्थिर झालेल्या रुग्णाला महिन्याच्या गोळ्या एकदम द्या आणि इंजेक्शन ग्रामीण रुग्णालयातच ठेवा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं आधी बघा, त्यांना थांबायला वेळ नाही. आमच्या ओपीडीतली पाच-सहा घरं दरवर्षी कोयता घेऊन पाच-सहा महिने बाहेर असतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, टोळीची गाडी ठरलेल्या दिवशी निघते. निघण्याआधी त्यांना जास्तीत जास्त दिवसांचं औषध आणि ते कार्ड मिळालं तर सांगली-कोल्हापुरात किंवा कर्नाटकात फडाजवळच्या दवाखान्यात ते पुढचं औषध मागू शकतील. 'मानसिक' लिहिलेल्या चिठ्ठीवर तिथले डॉक्टर काय देणार?

ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांना, परिचारिकांना, आशाताईंना हे आजार वेगवेगळे ओळखायचं प्रशिक्षण द्या. त्यात आमच्यासारख्या नातेवाइकांना आणि बऱ्या झालेल्या रुग्णांना बोलायला बोलवा. माझा भाऊ ठीक असेल त्या दिवशी येईल. मी तर येईनच.

येत्या चौथ्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता आम्ही आमच्या जुन्या बाकावर येऊन बसणार आहोत. घोषणा देणार नाही, फलक धरणार नाही. प्रत्येकाच्या हातात त्याची फाईल असेल. भावाच्या गोळ्या त्याच दिवसापर्यंत पुरतात. गुरुजींच्या रक्ततपासणीची तारीख सप्टेंबरमध्येच उलटून गेली आहे, तेव्हा त्या दिवशी रक्त घेणारं माणूसही पाठवा.

आपली नम्र,
एका रुग्णाची बहीण